फ्लॅट विकायला काढलाय आणि आता मागे घ्यावासा वाटतोय? मुंबईत हे नीट कसं करायचं

मुलुंड पूर्वेचा आईबाबांचा वन बीएचके आम्ही विकायला काढला, पाच महिने ठेवला, मागे घेतला आणि नंतर जवळजवळ दीड वर्षाने परत काढून विकला. त्या पाच महिन्यांत आम्ही किंमत दोनदा खाली आणली आणि खरी अडचण किंमतीची नव्हतीच, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आजूबाजूला बघते तर असंच चाललेलं असतं, फ्लॅट सहा-आठ महिने पोर्टलवर पडून असतो, मग एक दिवस गायब होतो, विचारलं तर "आत्ता मार्केट डाऊन आहे" एवढंच उत्तर. मार्केट डाऊन असतंही कधीकधी. पण बऱ्याचदा कारण घरातच असतं, कपाटातल्या फाइलमध्ये नाहीतर आपल्याच मनात, आणि ते शोधलं नाही तर परत काढल्यावर गाडी तिथेच अडकते.

माझं म्हणणं एवढंच की घर मागे घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, पण कारण ओळखून घ्या आणि घेताना पूर्ण मागे घ्या. अर्धवट लटकत ठेवलेला फ्लॅट सगळ्यात जास्त नुकसान करतो.

आधी कारण शोधा, तेही वही घेऊन

कुठल्याही एजंटशी बोलायच्या आधी मागच्या तीन-चार महिन्यांचा हिशोब लिहून काढा. किती फोन आले, किती जण प्रत्यक्ष बघायला आले, त्यातले किती दुसऱ्यांदा आले, किती जणांनी आकडा बोलून दाखवला आणि बोलणी नेमकी कुठे थांबली.

फोनच येत नसतील तर बहुतेक किंमत किंवा फोटो. मुंबईत अजून एक भानगड असते ती म्हणजे एरिया. जुन्या बिल्डिंगमधला माणूस बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, सांगतो, समोरचा कार्पेटवर भाव काढतो, आणि मग तुमचा फ्लॅट शेजारच्यापेक्षा महाग दिसतो. कार्पेट मोजून घ्या, भिंतीच्या आतून, आणि तोच आकडा सांगा.

लोक बघून जातात पण दुसऱ्यांदा येत नाहीत, तर घरात काहीतरी खटकतंय. आमच्याकडे बेडरूमच्या कपाटामागे वरच्या बाथरूमची ओल उतरली होती. कपाट भिंतीला टेकवून ठेवलेलं, म्हणजे दिसत नव्हतं असं आम्हाला वाटायचं, पण एका बाईंनी आल्या आल्या कपाटाच्या बाजूला हात घातला आणि बोटांना लागलेला चुन्याचा पोपडा नवऱ्याला दाखवला, बोलल्या काहीच नाहीत. चहा मात्र घेतला. आई दर रविवारी सगळ्यांना चहा करायची.

लोक दुसऱ्यांदा येतात, भाव ठरतो, आणि मग पंधरा दिवसांनी फोन उचलणं बंद करतात, हे असेल तर नव्वद टक्के धरून चाला की कागद. त्यांच्या बँकेच्या वकिलाने काहीतरी काढलेलं असतं आणि पार्टीला ते तुम्हाला तोंडावर सांगायला अवघड जातं.

आणि चौथा प्रकार, चांगली ऑफर आली आणि तुम्हीच "विचार करून सांगतो" म्हणालात, मग आठवडा गेला. तर तुम्हाला घर विकायचंच नाहीये किंवा विकून जायचं कुठे ते ठरलेलं नाहीये. हे स्वतःशी कबूल करणं सगळ्यात अवघड.

कुठे जायचं ते ठरलेलं नसणं

मुंबईत फ्लॅट मागे घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे असं मला ठामपणे वाटतं. वन बीएचके विकून टू बीएचके घ्यायचाय, त्याच एरियात, मुलांची शाळा तीच, स्टेशन तेच. विकायला काढल्यावर पहिल्यांदा खरा हिशोब समोर येतो.

समजा तुमचा 1 कोटी 40 लाखाला जातोय आणि पुढचा 1 कोटी 90 लाखाला मिळतोय. वरवर फरक 50 लाखाचा. पण मुंबईत स्टॅम्प ड्युटी 6 टक्के, म्हणजे 11 लाख 40 हजार. रजिस्ट्रेशन 30,000. दलाली सहसा दोन्ही बाजूंनी 1-1 टक्का चालते, म्हणजे विकताना 1 लाख 40 हजार आणि घेताना 1 लाख 90 हजार. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करायचे पैसे, जास्तीत जास्त 25,000. झाले की सव्वापंधरा लाख, आणि यात टेम्पो, फर्निचर, रंग काहीच धरलेलं नाही. म्हणजे 50 नाही, 65 लाख लागतात. हा आकडा लोकांना गिऱ्हाईक दारात आल्यावर कळतो आणि मग लिस्टिंग खाली उतरतं.

त्यामुळे हा कागद आधी करा. पुढचं घर फक्त बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेणार असाल तर बायकांना स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, वरच्या उदाहरणात 1 लाख 90 हजार वाचतात, फक्त त्यात पुरुषाचं नाव जोडलं की सूट गेली.

दुसरी गोष्ट वेळेची. तुमचं विकलं गेलं आणि पुढचं मिळालं नाही तर मधे राहायचं कुठे, ही भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. बोलणी करतानाच सांगायचं की रजिस्ट्रेशननंतर ताबा अमुक महिन्यांनी देणार, आणि ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्यायचं. बरीच गिऱ्हाइकं तयार होतात कारण त्यांचं लोन मंजूर होऊन पैसे यायलाही महिना-दोन महिने लागतातच. हे न विचारताच लोक चांगली पार्टी घालवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

टॅक्सचा पण इथेच विचार करा. घर 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेलं असेल तर नफ्यावर लाँग टर्म कॅपिटल गेन लागतो, 12.5 टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर असेल तर भारतात रहिवासी असलेल्या व्यक्तीला 20 टक्के इंडेक्सेशनसह असा हिशोब करून जो कमी येईल तो भरता येतो. 2001 च्या आधीच्या घरांना 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढून घ्या. आणि नफा दुसऱ्या घरात घातला तर टॅक्स वाचतो, ते घर विक्रीच्या आधी 1 वर्षात किंवा नंतर 2 वर्षांत घेतलेलं पाहिजे, बांधत असाल तर 3 वर्षं. यातली "आधी 1 वर्ष" वाली अट लक्षात ठेवा, कारण ज्यांनी नवीन घर आधी घेतलं आणि जुनं "भाव येईपर्यंत थांबू" म्हणून मार्केटमधून काढलं त्यांचं ते वर्ष निघून जातं आणि मग वाचणारा टॅक्स भरावा लागतो. नवीन घराची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि मग किती थांबायचं ते ठरवा.

कागद

आमचं इथे अडकलं होतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाबा गेले तेव्हा नॉमिनेशन आईच्या नावाने होतं. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं, मागच्या बाजूला तो तक्ता असतो ना, तारीख, नंबर, नाव आणि खाली अध्यक्ष-सेक्रेटरीच्या सह्या, तिथे. आम्हाला वाटलं झालं, घर आईचं. तिसऱ्या पार्टीच्या बँकेच्या वकिलाने विचारलं की बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र कुठे आहे? दादाकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघतोय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा, हे तेव्हा कळलं. दादाचं आणि माझं हक्कसोडपत्र रजिस्टर केल्याशिवाय कुठलीच बँक पुढे जाणार नव्हती. आधीच्या दोन पार्ट्या गप्प का झाल्या ते पण तेव्हाच उमगलं, आणि आम्ही मात्र मधल्या काळात पाच लाख कमी करून बसलो होतो.

तर फाइल उघडून हे बघा. पहिल्या मालकापासून तुमच्यापर्यंत सगळी अ‍ॅग्रीमेंट्स ओळीने आहेत का, एक जरी मधलं हरवलं असेल तर बँक अडते. प्रत्येकावर स्टॅम्प ड्युटी भरलेली आणि रजिस्ट्रेशन झालेलं आहे का. इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा, आहे का. शेअर सर्टिफिकेटवर नाव आजच्या मालकाचंच आहे का. बिल्डिंगला ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आहे का, कन्व्हेयन्स (जमीन-बिल्डिंग सोसायटीच्या नावावर होणं) झालाय का, हे सोसायटीच्या ऑफिसात विचारा, जुन्या बिल्डिंगांमध्ये खूप ठिकाणी नसतं आणि ते एकट्याच्या हातात नाही, पण निदान कुठल्या बँका त्या बिल्डिंगमध्ये लोन देतात ते शेजाऱ्यांकडून कळतं. मालकाचं पॅन आधारशी लिंक आहे का तेही बघा, 50 लाखांच्या पुढच्या व्यवहारात घेणारा 1 टक्का टीडीएस कापतो, पॅन बंद पडलेलं असेल तर तोच 20 टक्के होतो, आणि आपल्याकडे आईवडिलांची पॅन हमखास अशी पडलेली असतात.

लोन फेडलं असेल तर ओरिजिनल कागद बँकेकडून परत आणलेत का? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 डिसेंबर 2023 पासून, लोन पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. लोन चालू असेल तरी घर विकता येतं, फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचं त्याचं पत्र) आणि कागदांची यादी आधी मागून ठेवा म्हणजे झालं.

पार्किंग. खाली स्टिल्टमधली, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यातली जागा "माझी आहे, वेगळे पाच लाख" असं सांगून बोलणी फिस्कटलेली मी बघितलीयेत. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय की स्टिल्ट पार्किंग कॉमन एरिया आहे, वेगळं विकता येत नाही. सोसायटीचं अलॉटमेंट लेटर असेल तर ते दाखवा, त्याच्यापलीकडे वचन देऊ नका.

सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) नाही म्हणून लोक थांबतात, त्याबद्दल एक वाक्य. मॉडेल बायलॉजप्रमाणे ट्रान्सफरसाठी एनओसी बंधनकारक नाही, पण घेणाऱ्याची बँक मात्र मागते, म्हणून मेन्टेनन्स क्लिअर ठेवा आणि सेक्रेटरीशी बोलून ठेवा.

रिडेव्हलपमेंटची हवा

अजून एक कारण जे मुंबईतच इतकं चालतं. जिन्यात कोणीतरी म्हणतं बिल्डर येतोय, आणि सहा महिन्यांत बिल्डिंगमधले तीन फ्लॅट मार्केटमधून गायब. मोठा कार्पेट, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम), भाडं, सगळं डोळ्यासमोर येतं. चेंबूरच्या टिळक नगरसारख्या वसाहतींमध्ये जुन्या बिल्डिंगांच्या जागी टॉवर उभे राहिलेले आपण बघतोच, त्यामुळे आशा खोटी नसते.

पण थांबायचं ठरवण्याआधी गोष्ट कुठल्या पायरीवर आहे ते विचारा. नुसती चर्चा? सर्वसाधारण सभेत ठराव झालाय? पीएमसी, म्हणजे प्रकल्पाचा सल्लागार, नेमलाय? टेंडर निघालं? बिल्डर सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर सभेत निवडलाय? डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंय? माझं मत असं की हे शेवटचं रजिस्टर होईपर्यंत सगळं बोलणंच आहे, त्यावर घराची विक्री थांबवायची असेल तर वर्षं जातील हे धरूनच थांबा. आणि उलट बाजू पण आहे, बिल्डिंग रिकामी व्हायला आली की त्या फ्लॅटवर बँका लोन द्यायला कचरतात, मग घेणारा फक्त रोकडा... म्हणजे स्वतःचे चेकने पैसे देऊ शकणारा उरतो, आणि तो भाव पाडतो. पैशाची खरंच गरज असेल, आजारपण, मुलांचं शिक्षण, तर हवेवर थांबू नका.

भावाबद्दल थोडंसं

शेजाऱ्याने सांगितलेला भाव हा त्याने मागितलेला असतो. मिळालेला भाव इंडेक्स टूमध्ये असतो, आणि तो आयजीआर महाराष्ट्रच्या, म्हणजे सरकारी नोंदणी खात्याच्या, वेबसाइटवर ई-सर्चमध्ये बघता येतो, आपल्याच बिल्डिंगचे आणि बाजूच्या दोन बिल्डिंगचे मागच्या दोन वर्षांचे व्यवहार काढा. सोबत रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा, दर पण बघून ठेवा. ठरलेली किंमत सरकारी मूल्यांकनापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तुमचा कॅपिटल गेन सरकारी किंमतीवर मोजतात आणि घेणाऱ्यालाही टॅक्स बसतो. काही पार्ट्या थोडे रोखीत घ्या म्हणतात. घेऊ नका, टोकनसुद्धा नाही, घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो. या एका कारणाने मागे हटत असाल तर बिनधास्त हटा, दुसरी पार्टी येते.

आता प्रत्यक्ष मागे कसं घ्यायचं

सगळ्यात आधी, टोकन घेतलंय का? घेतलं नसेल तर तुम्ही मोकळे आहात. घेतलं असेल तर पार्टीला भेटून, बँक ट्रान्सफरनेच परत करा आणि परत मिळाल्याचं दोन ओळींचं लिहून घ्या. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं असेल तर मात्र एकतर्फी माघार नाही, समोरचा कोर्टात जाऊन व्यवहार पूर्ण करून मागू शकतो, दोघांच्या संमतीने कॅन्सलेशन डीड रजिस्टर करावं लागतं, वकील गाठा.

मग एजंट. एकाला दिलेला फ्लॅट दहा जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतो, प्रत्येकाचा भाव वेगळा, हे मुंबईत कुणालाही माहीत आहे. फोनवर सांगून ते थांबत नाही. सगळ्यांना एकच मेसेज टाका, तारीख घालून, साध्या भाषेत: "नमस्कार, अमुक सोसायटीतला आमचा फ्लॅट आजपासून विक्रीला नाही. कृपया सगळ्या पोर्टल आणि ग्रुपवरून काढावा. परत काढला तर मी स्वतः कळवेन." दोन दिवसांनी मॅजिकब्रिक्स, 99एकर्स, हाउसिंग डॉट कॉम, नोब्रोकर सगळीकडे स्वतः सोसायटीचं नाव टाकून शोधा, तुमच्या हॉलचा फोटो दिसला तर तिथेच रिपोर्ट करा. आमच्या आईने शिवलेली निळ्या पडद्यांची जोडी मला एका अनोळखी एजंटच्या जाहिरातीत दिसली होती, मागे घेतल्यावर तीन आठवड्यांनी, आणि भाव आमच्यापेक्षा सात लाख कमी लिहिलेला. परत काढताना गिऱ्हाईक तोच आकडा घेऊन आलं असतं.

वॉचमनकडे आणि एजंटकडे ठेवलेल्या किल्ल्या परत घ्या, नाहीतर लॉक बदला. कुणाकुणाला पॅन, आधार, अ‍ॅग्रीमेंटच्या कॉपी पाठवल्यात ते आठवून डिलीट करायला सांगा, आणि पुढच्या वेळी प्रत्येक कॉपीवर आडवं लिहूनच द्या, "फक्त फ्लॅट पाहणीसाठी", तारीख, सही.

आणि कुठल्या एजंटने कुठली पार्टी आणली होती त्याची यादी ठेवा. त्यातलीच पार्टी उद्या थेट तुमच्याकडे आली तर त्या एजंटच्या दलालीचा प्रश्न येतोच, आधी माहीत असलेलं बरं.

मधल्या काळात

भाड्याने द्यायचा विचार येतो. 1 कोटी 40 लाखाच्या फ्लॅटला 35,000 भाडं म्हणजे वर्षाचे 4 लाख 20 हजार, 3 टक्के. वाईट नाही, पण परत विकायचंय हे नक्की असेल तर 11 महिन्यांचंच लीव्ह अँड लायसन्स करा, रजिस्टर करूनच, आणि गिऱ्हाइकाला घर बघायला येऊ देण्याची ओळ त्यात घाला. सोसायटी सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपर्यंत नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचा) लावू शकते.

ओलीचं काम पावसाआधी उरका. गच्ची आणि बाहेरच्या पाइपचं लीकेज सोसायटीकडे, वरच्या घराच्या बाथरूमचं त्या सभासदाकडे, पत्र लेखी द्या. आमच्या वरच्या काकांना पत्र मिळालं तेव्हा वाईट वाटलं, मग आई स्वतः वर जाऊन बसली आणि पंधरा दिवसांत त्यांनी टाइल्स काढून काम केलं. रंग मात्र भिंत पूर्ण वाळल्यावरच द्या, दिवाळीच्या सुमारास, नाहीतर महिन्यात परत डाग उमटतो.

परत काढताना

गणपती गेले की पितृपक्ष लागतो, त्या पंधरवड्यात टोकन द्यायला लोक नको म्हणतात. घटस्थापनेपासून फोन वाढतात, आणि दसरा, दिवाळी, मग पाडवा, अक्षय तृतीया. आम्ही नवरात्रात काढला. नवीन फोटो, दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून, जुना एकही वापरला नाही. दहाऐवजी दोनच एजंट. कोणी विचारलं "हा आधी पण होता ना मार्केटला?" तर लपवलं नाही, वारसांचे कागद बाकी होते, आता झाले, असं सरळ सांगितलं आणि फाइल टेबलावर ठेवली. पहिल्या अ‍ॅग्रीमेंटपासूनची चेन, शेअर सर्टिफिकेट, दोन्ही हक्कसोडपत्रं, मेन्टेनन्सची शेवटची पावती.

ठरलेली किंमत पहिल्या वेळच्या कमी केलेल्या आकड्यापेक्षा नऊ लाख जास्त होती. ज्यांनी घेतला त्यांच्या बँकेच्या वकिलाने फाइल अकरा दिवसांत परत दिली, एकही प्रश्न न काढता. ताबा आम्ही रजिस्ट्रेशननंतर अडीच महिन्यांनी दिला, दादाच्या ठाण्याच्या घराचा रंग सुकेपर्यंत. किल्ली देताना आईने कपाटामागची भिंत दाखवून त्यांना सांगितलं की इथे पूर्वी ओल होती, जूनमध्ये एकदा हात लावून बघत जा.